सतरा नंबरचा ठिपका

"फोन दे," मेहेर म्हणाली आणि तिनं हात पुढे केला.

मला वाटलं, तिला कोणाला तरी फोन लावायचाय. मी दिला. तिनं तो बंद केला, आपल्या टेबलाच्या खणात टाकला, खणाला कुलूप घातलं आणि परत हात पुढे केला.

"आता लॅपटॉप."

शेजारच्या टेबलावर ऋत्विज नाचणे स्क्रीनमध्ये तोंड खुपसून बसला होता. त्याला सगळं ऐकू येत होतं, कारण त्याचे कान लाल झाले होते. मी वळून फळ्याकडे बघितलं आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

आमच्याकडे महिन्यातून एकदा 'पाडापाडीचा बुधवार' असायचा. चांगलं चालू असलेलं एखादं मशीन त्या दिवशी मुद्दाम बंद करायचं आणि बाकीची मशीनं त्याचा भार उचलतात की हातपाय गाळून बसतात, ते बघायचं. कधीतरी न सांगता पडणारच आहे, तर आपण जागे असताना पडलेलं काय वाईट, असं मेहेरचं म्हणणं. कोणतं मशीन पाडायचं, ते ती सकाळी फळ्यावर लिहायची. त्या बुधवारी फळ्यावर मशीनचं नाव नव्हतं. 'मृदुला' असं लिहिलेलं होतं.

मृदुला म्हणजे मी.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. कंपनी छोटी होती, बावधनला एका दुकानांच्या इमारतीत वरच्या मजल्यावर. मेहेर मुकादम आमच्या टीमची प्रमुख. मूळची दाभोळची, पन्नाशीला आलेली, हळू बोलणारी बाई. आम्ही सगळे तिला अगंतुगं करायचो, पण तिनं एकदा सांगितल्यावर पुढे फाटे फोडायची कोणाची छाती नव्हती.

आमचं काम शाळेच्या बसचं. प्रत्येक बस म्हणजे नकाशावरचा एक पिवळा ठिपका, आणि तो ठिपका आईबापांना आपापल्या फोनवर हलताना दिसायचा. सकाळ-दुपार शहरभर असे शेकडो ठिपके सरपटत असायचे. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला ते फार गोड वाटलं होतं. अंधाऱ्या अंगणात काजवे बघावेत तसं.

पण हे ठिपके हलवणाऱ्या आमच्या प्रोग्रॅमला एक खोड होती. त्याला विसरता यायचं नाही. बस जिथून जिथून गेली ती प्रत्येक जागा तो पोटात साठवत राहायचा, साठवत राहायचा, आणि काही तासांनी इतका फुगायचा की जागच्या जागी थांबायचा. मग ठिपकेही थांबायचे आणि फोन सुरू व्हायचे. त्यावर इलाज म्हणजे तो फुगायच्या आत बंद करून परत चालू करायचा. हे आपोआप होईल असंही करून बघितलं होतं आम्ही. पण एकदा तसं करताना दोन बसच्या ठिपक्यांची अदलाबदल झाली, आणि कोथरूडच्या एका आईला तिचा लेक हडपसरकडे निघालेला दिसला. त्या बाईचं रडणं मीच फोनवर ऐकलं. त्या दिवसापासून मी म्हटलं, हे मी हातानं करणार, आणि केल्यावर एकेक ठिपका डोळ्यांखालून घालणार. मूळ दुखणं सापडेपर्यंत, म्हणजे आठवडाभर. आठवड्याचे महिने झाले. मी करतेय म्हटल्यावर मूळ दुखणं शोधायची घाई कोणालाच उरली नाही.

माझी आई तेव्हा चाळीसगावहून माझ्याकडे राहायला आली होती. जेवता जेवता मी ताटावरून उठून फोन हातात घेतला की ती म्हणायची, "पाज बाई, पाज. तुझं तान्हं रडतंय." आधी ती चेष्टा होती. पुढे पुढे ती तेच वाक्य चेहरा न हलवता म्हणायला लागली.

मी नाटकाला जात नव्हते. सिनेमाला जात नव्हते. न्हाणीघरात फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून नेत होते. आणि सगळ्यात वेडेपणाचं म्हणजे, रात्री शहरात शाळेची एकही बस रस्त्यावर नसते, तरीही मी उठून बघायचे. सगळे ठिपके आपापल्या डेपोत गपगार असायचे. तरी मी एकेक मोजायचे आणि मग छताकडे बघत पडायचे, तर छतावरही ते सरकताना दिसायचे. ठिपके थांबले की माझ्या फोनवर अलर्ट यायचा; कुकरच्या शिट्टीतही मला त्याची धून ऐकू यायची. कोकिळा ओरडली तरी हात फोनकडे जायचा.

त्या आठवड्याच्या सुरुवातीला ऑफिसातल्या चहाच्या मशीनसमोर मी उभी होते. मशीनवर एक पिवळा दिवा होता. मी त्याच्याकडे बघत होते आणि तो पुढे का सरकत नाही म्हणून माझ्या छातीत धडधडत होतं. कप भरला, उतू गेला, चहा माझ्या मनगटावरून खाली ठिबकत होता. मला भाजलेलं कळलं नाही. मागून कोणीतरी माझा हात धरला आणि कप काढून घेतला. ती मेहेर होती. तिनं हातावर गार पाणी धरलं, रुमाल गुंडाळला आणि निघून गेली. आणि आता हा बुधवार.

"मेहेर," मी आवाज खाली ठेवून म्हटलं, "दुपारी शाळा सुटायच्या वेळेला ते पडणार."

"माहितीये."

"मग निदान ऋत्विजला दाखवून जाते, कसं करायचं ते."

"आपण मशीन पाडतो तेव्हा ते जाताना दाखवून जातं का?"

"अगं, पण पोरं असतात बसमध्ये."

"तू आज बंद आहेस, मृदुला," ती म्हणाली. "बंद म्हणजे बंद. बाहेरून फोन करायचा नाही, सायबर कॅफेत जाऊन डोकवायचं नाही. घरी आईंना मी सांगितलंय, आज तुझा फोन लागायचा नाही म्हणून. संध्याकाळी ये आणि फोन घेऊन जा."

"आणि पडलं तर?"

"पडू दे."

मी पर्स उचलली आणि जिना उतरले. लिफ्टची वाट बघायचीही मला शुद्ध नव्हती. मला इतका राग आला होता की डोळ्यांत पाणी यायला लागलं. हिला मला काढायचंय, असं माझ्या मनानं घेतलं. माणसाला घरी पाठवायच्या आधी त्याच्यावाचून अडतं का ते बघून घेतात, तसलंच काहीतरी हे. म्हणजे दुपारी ते पडलं तर शेकडो आयांच्या जिवाला घोर. आणि नाही पडलं, तर मग इतके महिने मी कशासाठी जागले? पडलं तरी वाईट, न पडलं तर माझ्यापुरतं त्याहून वाईट.

चांदणी चौकात येऊन मी उभी राहिले. एक बस आली, तिच्यात चढले. पाटी वाचली नाही. कंडक्टरनं विचारलं कुठं, मी म्हटलं शेवटपर्यंत. खिडकीशी बसले आणि सवयीनं मांडीवर दोन्ही हात फोन धरल्यासारखे जोडून ठेवले. हात रिकामे आहेत हे लक्षात आलं, तरी ते सुटे करवेनात.

मग गाडी डुलायला लागली. फेब्रुवारीतलं ऊन होतं, हवं तेवढंच. भूगाव गेलं, एक तळं चकाकून गेलं, कुठल्याशा लग्नाच्या कार्यालयासमोर झेंडूचा ढीग दिसला. मला पेंग येत होती आणि दचकून जागही येत होती, त्यामुळे रस्ता तुकड्यातुकड्यांनी दिसत होता. एक बैल. पत्र्याचं दुकान. परत एक बैल, बहुतेक तोच नसावा. गाडी शेवटी थांबली तेव्हा कंडक्टर माझ्या खांद्यापाशी उभा राहून ओ ताई, ओ ताई करत होता. कुठल्या गावात आले ते मी विचारलं नाही. रस्त्याच्या कडेनं उलटी चालत सुटले.

मला वेळ कळेना. घड्याळ वापरणं मी कधीच सोडलं होतं, माझी वेळ फोनमध्ये असायची. सूर्याकडे बघून काही अंदाज येतो का बघितलं, तर नुसते डोळे दिपले आणि पापण्यांच्या आत पिवळे ठिपके नाचायला लागले. मी तिथंच रस्त्याच्या कडेला मटकन बसले असते, पण समोर एक नर्सरी होती. आत हिरव्या जाळीचा मोठा मांडव, आणि त्याखाली ओळीनं कुंड्या.

आत शिरले आणि एकदम सगळं गार झालं. जाळीतून येणारा उजेडही हिरवा होता, माझे हातसुद्धा हिरवे दिसत होते. मोगऱ्याची रोपं, जास्वंदी, कढीपत्ता, आणि कुठूनतरी पाइपातून पाणी पडल्याचा आवाज. ओल्या मातीचा वास इतका दाट होता की तळ्याच्या तळाशी उतरल्यासारखं वाटलं. साडीवर पुरुषी शर्ट घातलेली एक बाई पुढे आली. वृषाली ढमाले तिचं नाव, ते मला नंतर कळलं. तिनं काय पाहिजे विचारलं. मी म्हटलं, मोगरा. तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि रोप उचलायच्या ऐवजी पाण्याचा तांब्या आणून दिला.

"ताई, बरं नाही का?"

"झोप नाही झाली," मी म्हटलं. हे इतकं साधं वाक्य मी किती महिन्यांत कोणाला म्हटलं नव्हतं.

मांडवाच्या एका कोपऱ्यात खताची रिकामी पोती रचलेली होती. तिनं त्यावर एक सतरंजी टाकली आणि म्हणाली, पडा जरा, इथं कोणी येत नाही. मग जाता जाता तिनं विचारलं, "किती वाजता उठवू?"

मी तोंड उघडलं, आणि मला उत्तर सापडेना. माझ्याकडे नेहमी उत्तर असायचं. सहाला, नवाला, बाराला, तीनला. ती झारी हातात धरून थांबली होती.

"नका उठवू," मी म्हटलं.

झोप कशी लागली ते मला ठाऊक नाही. मी खाली खाली जात राहिले एवढं आठवतं. वरून कोणीतरी पानांवर पाणी शिंपडत होतं आणि एखादा थेंब माझ्या पायावर पडत होता. मध्येच मला छतावरचे ठिपके दिसले, पण ते हिरव्या पाण्यात होते आणि माशांसारखे कुठंही फिरत होते. मी त्यांना मोजलं नाही. त्यांचंही माझ्यावाचून काही अडत नव्हतं. एकदा आईचा आवाज आला, ती चाळीसगावच्या घरात कोणाला तरी सांगत होती, हळू बोला, मृदू निजलीय.

जाग आली ती धुनेनं. आमच्याच अलर्टची धून. मी पोत्यांवरून उठून बसले. हात उशाशी फिरला, पोत्याखाली फिरला. फोन नव्हता. धून वाजतच होती, आणि ती वृषालीच्या शर्टाच्या खिशातून येत होती. तिच्या फोनची साधी, फोनच्या कंपनीनंच घालून दिलेली धून; आमच्या अलर्टलाही तीच होती. गिऱ्हाइकाचा फोन होता. तिनं दोन शब्दांत बोलून ठेवून दिला. मग तिनं फोनवर काहीतरी उघडलं, बघितलं, परत बघितलं, आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही, पोरीची बस. मघाधरनं तळ्यापाशीच दाखवतंय. हलंना."

मी तिच्या हातातला फोन बघितला. आमचा नकाशा, आमचाच निळा रंग. पिवळा ठिपका भूगावच्या तळ्याशी दगडासारखा बसला होता, आणि त्याच्यावर आकडा होता सतरा.

पडलं होतं. मी सांगितल्याप्रमाणे, सांगितल्या वेळेला पडलं होतं. मला एक क्षणभर बरं वाटलं, हे मी लपवत नाही. आणि पुढच्याच क्षणाला ते बरं वाटणं गेलं, कारण सतरा नंबर मला माहीत होता. चांगलाच माहीत होता.

सतरा नंबरच्या ठिपक्याला एक दोष होता. तो रोज दुपारी पिरंगुटच्या अलीकडे एका जागी अडकायचा. कधी मिनिटभर, कधी चांगली पाच-सात मिनिटं. तिथं शाळा नाही, सिग्नल नाही, आमच्या यादीत थांबाही नाही. आम्ही सापडलेल्या दोषांची नोंद ठेवायचो, त्यात तो माझ्या नावावर किती महिने उघडा पडला होता. बसमधलं यंत्र खराब, असा माझा अंदाज. नकाशावर वृषालीच्या फोनची खूण नेमकी तिथंच होती; त्या जागेवर आत्ता मी उभी होते.

वृषाली सांगत होती, ठिपका गावच्या कमानीपाशी आला की ती पलीकडच्या टोकाचा पाण्याचा कॉक बंद करून रस्त्यावर जाऊन उभी राहते. समोर मोठा रस्ता, वाळूचे ट्रक सुसाट जातात, पोर पहिलीतली. आज ठिपकाच हलत नाही म्हटल्यावर कधी जायचं?

"फोन देता?" मी म्हटलं.

तिनं दिला. म्हणाली, तुम्ही लावा, तोवर मी कॉक बंद करून येते, आणि ती कुंड्यांच्या ओळींतून पार मागे गेली. तिचा पिवळट शर्ट हिरव्या उजेडात लहान लहान होत गेला. मला मेहेरचे शब्द आठवत होते. बंद म्हणजे बंद. तरी मी नंबर लावला. आमचा आतला नंबर होता, फक्त आमच्या माणसांसाठीचा. पालकांचे फोन दुसऱ्या लाइनवर जायचे. ऋत्विजला सांगायचं, एवढंच कर, तेवढं दाब, मग एकेक ठिपका बघ. दोन वाक्यांचं काम.

फोन वाजला. वाजत राहिला. मी तो कानाला लावून जाळीच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला आले. उन्हानं डोळे मिटले. पलीकडे घंटी वाजतेय, वाजतेय, कोणी उचलत नाही. मेले की काय सगळे, असं मनात आलं. आणि तेवढ्यात वळणावरून एक बस आली.

पिवळीधमक. पुढच्या काचेत सतरा आकडा, खाली आमच्या कंपनीचं चिकटवलेलं चित्र, एका कोपऱ्यात उचकटलेलं. मी त्या बसला इतके महिने रोज बघत होते आणि आयुष्यात कधी बघितली नव्हती. तिला धूळ होती. तिच्या खिडकीतून एक पाण्याची बाटली आणि एक कोपर बाहेर आलं होतं. आत पोरं कसलंतरी गाणं बेसूर म्हणत होती. तिच्या मागे वाळूचा ट्रक हॉर्न देत होता, आणि ती आपल्याच चालीनं येऊन माझ्यासमोर थांबली.

दार उघडलं नाही. ड्रायव्हरनं खिडकीतून मान बाहेर काढून आत नर्सरीकडे बघितलं. मिशी पांढरी झालेला माणूस होता. मग त्यानं माझ्याकडे बघितलं.

"ताई मागं कॉक बंद करायला गेल्यात," मी म्हटलं. "मी घेते मुलीला. सोडा."

"तुम्ही कोण?"

मी कोण? तुमचा ठिपका हलवणारी, असं सांगायचं?

"मी इथंच आहे. ओळखीची."

"असाल," तो म्हणाला. "पण आई आल्याबिगर मी सोडत नाही."

आणि त्यानं इंजिन बंद केलं. ट्रकवाल्यानं शिवी दिली आणि वळसा घालून पुढे गेला. पोरांचं गाणं चालूच होतं. ड्रायव्हर हातावर हनुवटी टेकून बसला. हे त्याच्या अगदी अंगवळणी पडलेलं दिसत होतं. मी फोन कानाला लावून उभी, पलीकडे घंटी वाजतेय, आणि समोर बस थांबलीय. खरीखुरी, उन्हानं तापलेली, डिझेलचा वास येणारी. थोड्या वेळानं मी फोन कानापासून खाली घेतला आणि बंद केला.

वृषाली धावत आली, कोपरापर्यंत चिखल. दार उघडलं. एक चिंगळी पोर, एका पायात बूट आणि दुसरा हातात, उडी मारून खाली आली आणि तिनं चिखलाच्या हातांनाच मिठी मारली. ड्रायव्हरनं मान हलवली, बस हलली. मी सवयीनं वृषालीच्या फोनकडे बघितलं. ठिपका तळ्यापाशीच होता. मान वर केली, तर बस वळणावरून चालली होती, मागच्या काचेतून दोन पोरं मला वाकुल्या दाखवत होती.

मी हसायला लागले, आणि मग रडायला लागले. वृषाली घाबरली. मी तिला म्हटलं, काही झालं नाही, झोप झालीय. ती मोगऱ्याचं रोप घेऊन आली आणि पैसे घेईना.

संध्याकाळी ऑफिसात गेले तेव्हा कुंडी माझ्या काखेत होती. ऋत्विजचे केस उभे राहिले होते आणि फळ्यावरचं माझं नाव पुसून तिथं त्यानं बाणच बाण काढले होते. तो उत्साहानं फसफसत होता. अजून दुखणं सापडलं नव्हतं, पण ते प्रोग्रॅमच्या कुठल्या खोलीत दडलंय ते त्याला कळलं होतं. आज पडलं नसतं तर मी तिकडे बघितलंच नसतं, असं तो मला तीनतीनदा सांगत होता. दुपारभर पालकांचे फोन त्यानं आणि मेहेरनं घेतले होते. शाळांना, बसवाल्यांना एकेक करून विचारायचं आणि एकेका आईला सांगायचं, असं चाललं होतं. सहकारनगरच्या एका आजोबांनी तर फोन करून विचारलं होतं, तुमचा ठिपका अजून स्वारगेटला आहे आणि नातू माझ्यासमोर केळं खातोय, तर मी मानू कोणाला?

मेहेर कुलूप काढत होती. मी दिवसभर पोटात धरलेलं विचारून टाकलं.

"मला काढणार आहेस?"

तिनं चष्म्यावरून बघितलं. "काढायचं असतं तर काहीच केलं नसतं. चाललं होतं तसं चालू दिलं असतं. दोनेक महिन्यांत तू आपोआप पडली असतीस, आणि मग परत चालू करता आलं नसतं तुला." मग जरा थांबून म्हणाली, "परीक्षा तुझी नव्हती गं. आमची होती. आम्ही नापास झालो, ते बरं झालं. इतके महिने सगळं तुझ्या एकटीच्या अंगावर टाकून आम्ही पास होत होतो."

मी काखेतली कुंडी सावरली.

तिनं फोन माझ्या हातात ठेवला, पण स्वतःचा हात काढला नाही. "दुपारी आतल्या लाइनवर एक फोन आला होता. अनोळखी नंबर."

"हो," मी म्हटलं. "मीच."

"कळलं मला. ऋत्विज उचलायला धावला, त्याला मी हटकलं. मग तो वाजत होता तोवर त्याच्यावर हात ठेवून बसले." तिनं टेबलावरच्या काळ्या फोनकडे बघितलं. "लवकर थांबेना गं. किती वेळ वाजत होता. मला वाटलं, आता उचलतेय मी."

घरी पोचले तर आई गॅलरीत उभी होती. तिनं मला रस्त्याच्या टोकापासून बघितलेलं असणार, कारण मी वर येईपर्यंत दार उघडं होतं. फोन पर्समध्येच होता, मी अजून चालू केला नव्हता. आईनं कुंडी घेतली, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि विचारलं, "तान्हं कुठंय?"

"दुसऱ्यांकडे ठेवलंय आज," मी म्हटलं.

तिनं वरणभात वाढला. मी ताटावरून एकदाही उठले नाही, तेव्हा ती पदरानं डोळे पुसत स्वयंपाकघरात गेली आणि उगाच भांड्यांचा आवाज करत राहिली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन मी सगळ्यात आधी दोषांची नोंद उघडली. सतरा नंबर माझ्या नावावर तसाच होता. ठिपका रोज दुपारी एका जागी अडकतो, कारण अज्ञात. तो बंद करताना खाली कारण लिहावं लागायचं. मी लिहिलं: दोष नाही. ड्रायव्हर आईची वाट बघतो.